मशीनवरची तुळस

(सामुदायिक रेडिओवर बचत गटाच्या बहिणींसाठी झालेलं भाषण)

बहिणींनो, कोणी चुलीजवळ रेडिओ ठेवून ऐकत असाल, कोणी शेतात मोबाइलवर ऐकत असाल, कोणी गटाच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून ऐकत असाल.

एरवी मी तुमच्याशी बचतीचं, अंतर्गत कर्जाचं, बँकेच्या कागदांचं बोलते. आज विषय वेगळा आहे. आज मी गोंदणाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, या ताईले आज गोंदण काहून आठवलं? तर उमेदच्या दशसूत्रीत आरोग्य हेही एक सूत्र आहे. बैठकीत आपण दहाही सूत्रं घडाघडा म्हणतो. पण हे सूत्र तोंडातून निघून जातं, डोक्यात थांबत नाही. माझ्याही डोक्यात थांबलं नव्हतं. त्यामुळे माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. तीच आज सांगणार आहे.

आधी गोंदणाचं बोलू. आपल्यापैकी बहुतेकींच्या आज्यांच्या अंगावर गोंदण होतं. कपाळावर चांदणी, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस नाहीतर विंचू. पूर्वी गोंदणाऱ्या बाया दारोदार यायच्या. दिव्याची काजळी, झाडपाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या दोन-चार सुया, एवढंच त्यांचं सामान. पोरीला दोघींनी धरायचं, तिसरीनं गाणं म्हणायचं आणि गोंदणारणीनं टोचायचं. माझी आजी सांगायची, बाई मेली की दागिने काढून घेतात, लुगडं जळून जातं, गोंदण तेवढं तिच्यासंगं जातं. बाईच्या नावावर ना शेत होतं, ना घर. हातावरची तुळस मात्र तिची स्वतःची होती. म्हणून गोंदणाला मी हसत नाही आणि कोणी हसू पण नये.

आता गोंदणाऱ्या बाया फारशा दिसत नाहीत. जत्रेत मशीनवाले बसतात, शहरात दुकानं आहेत, आणि पोरी त्याला टॅटू म्हणतात. नाव बदललं तरी काम तेच आहे. सुईनं कातडी टोचायची आणि आत रंग सोडायचा.

आता आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते आहे, पण नाव घेणार नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटकुळ्या, कामाला वाघीण. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचता वेचता त्या भोवळ येऊन पडल्या. कोणी म्हणालं, रक्त कमी आहे. पुन्हा पडल्या. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. लिंबू उतरवून झालं, दोरा बांधून झाला. तिसऱ्यांदा विहिरीजवळ पडल्या. जरा पलीकडे पडल्या असत्या, तर आज ही गोष्ट वेगळी झाली असती. त्या वेळी आशाताईंनी त्यांची नाडी धरली आणि घड्याळ लावून मोजली. मिनिटाला छत्तीस ठोके. शांत बसलेल्या धडधाकट माणसाची नाडी साधारण साठ ते शंभरच्या मधे असते.

पुढे छातीची पट्टी काढली, म्हणजे ईसीजी. डॉक्टर म्हणाले, हार्ट ब्लॉक आहे. हे शब्द ऐकून घरच्यांना वाटलं, रक्तवाहिनी बंद झाली, आता झटका येणार. तसं नाही बहिणींनो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रक्ताच्या नळीत चरबी साचते तो अडथळा वेगळा. हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयाच्या विजेच्या वाटेतला अडथळा. आपल्या हृदयाला ठोका द्यायला आतल्या आतच एक बारीकशी वीज तयार होते. ती वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात पोचली नाही, तर हृदय हळू चालतं, मधेच थांबतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस पडतो. त्याला औषधाच्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. तिथं पेसमेकर लागतो.

पेसमेकर म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान, चपटं, धातूचं यंत्र. आत सेल असतो. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, बहुतेक डाव्या बाजूला, कातडी कापून आत एक कप्पा करतात आणि त्यात ते ठेवतात. त्यातून एक किंवा दोन तारा निघतात, त्या शिरेतून हृदयापर्यंत जातात. हृदयानं ठोका चुकवला की यंत्र ठोका देतं. आमच्या ताईंना हे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून बसवून मिळालं. ही योजना लक्षात ठेवा. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटायचं. सावकाराकडे नंतर, शक्यतो कधीच नाही.

मशीन बसलं आणि ताई उभ्या राहिल्या. भोवळ गेली. पुन्हा शेतात जाऊ लागल्या. आता सगळं नीट झालं असं आम्हाला वाटलं, पण त्यांच्या मनाचं आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

अंगावर मांस नाही, त्यामुळे ते यंत्र कातडीखाली उठून दिसायचं. पोलक्याच्या गळ्याशी उंचवटा आणि त्यावर बोटभर व्रण. हळदीकुंकवाला गेल्या की बाया विचारायच्या, "हे काय व बाई, काहून फुगलं इथं?" पोरं मागून म्हणायची, मशीनवाली काकू. या सगळ्यावर कळस झाला तो मुलीच्या सोयरिकीच्या वेळी. पाहुण्यांतल्या एका बाईनं सरळ विचारलं, "पोरीलेही असंच काही नाही ना?" सोयरीक तिथंच थांबली. ताई घरी आल्या त्या दिवसापासून पदर छातीवरून हलू देईनात. उन्हाळ्यात घामोळं आलं तरी पदर तसाच.

मग जत्रा आली. आम्ही पाच-सहा जणी गेलो होतो. गोंदणाऱ्याच्या तंबूसमोर ताई थांबल्या. फळ्यावर नक्षी टांगल्या होत्या. त्यांनी एक मोठी तुळस दाखवली, वृंदावनासकट, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, हे मशीनवर काढून घेतलं तं? व्रण झाकून जाईन. लोकं तुळस पाहतीन, मशीन नाही पाहणार."

आणि मी काय म्हणाले असेन? मी बी.ए. झालेली, चाळीस गटांचं काम पाहणारी, आरोग्याच्या प्रशिक्षणाला दोनदा जाऊन आलेली. मी म्हणाले, "घ्या ना ताई काढून, छान दिसेल." दोनशे रुपये ठरले. शंभर मी माझ्या पर्समधून दिले.

थांबवलं कोणी, तर त्या गोंदणाऱ्या पोरानं. विशी-बाविशीचा असेल. नक्षी उमटवायला त्यानं कातडीवर अंगठा दाबला आणि हात मागे घेतला. "मावशी, आत कडक काय आहे?" ताईंनी सांगितलं. त्यानं मशीन खाली ठेवलं आणि शंभराची नोट मला परत दिली. म्हणाला, "डॉक्टरला विचारून या. मी याच्यावर सुई नाही चालवत." ताई रडायला आल्या. मला त्या पोराचा राग आला, खोटं कशाला सांगू? आज त्याचे उपकार वाटतात.

पुढच्या महिन्यात ताईंची तपासणी होती. पेसमेकरवाल्यांना ठरलेल्या मुदतीनं तपासणीला जावंच लागतं. डॉक्टर छातीवर, यंत्राच्या वरती, एक चपटं उपकरण धरतात आणि आतला सेल किती शिल्लक आहे, तारा नीट आहेत का, ते बाहेरच्या संगणकावर वाचतात. त्या वेळी मी सोबत गेले आणि आम्ही गोंदणाचं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

पहिली गोष्ट जंतूंची. गोंदणाची सुई कातडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाते. एरवी तेवढ्यानं काही बिघडत नाही, जखम भरून येते. पण ताईंसारख्या काटकुळ्या बाईच्या कातडीखाली लगेच यंत्र आहे. सुईवाटे जंतू त्या कप्प्यात गेले, तर ते धातूला आणि तारांना चिकटून बसतात. अंगातलं रक्त मांसात पोचतं, धातूत पोचत नाही. म्हणून रक्तातून जाणारं औषध तिथं पुरं पडत नाही. मग नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. बहुतेक वेळा आख्खं यंत्र आणि हृदयापर्यंत गेलेल्या तारा ओढून काढाव्या लागतात, शिरेतून बरेच दिवस औषध द्यावं लागतं आणि नंतर दुसरं यंत्र दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं. तारा जुन्या झाल्या की त्या आतल्या भिंतीला धरून बसतात. त्या काढणं हे मोठं आणि धोक्याचं काम. दोनशे रुपयांच्या तुळशीपायी हे सगळं.

दुसरी गोष्ट कातडीची. यंत्रावरची कातडी आधीच ताणलेली असते आणि व्रणाची कातडी वेगळी असते. तिच्यावर रंग नीट बसत नाही, पसरतो, कुठं गडद तर कुठं फिका होतो. म्हणजे जे झाकायचं तेच जास्त उठून दिसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात पटली. यंत्राच्या जागी काही बिघडलं तर पहिली खूण कातडीच देते. जागा लाल होते, गरम लागते, सुजते, कधी कातडी पातळ होऊन चकचकीत दिसायला लागते. गर्द हिरव्या-काळ्या गोंदणाखाली ही लाली दिसणार कशी? म्हणजे आपण व्रण झाकायला जातो आणि धोक्याची खूण झाकून बसतो.

चौथी गोष्ट सेलची. पेसमेकरचा सेल जन्मभर पुरत नाही. साधारण आठ-दहा-बारा वर्षं, यंत्रावर आणि ते किती काम करतं त्यावर अवलंबून. सेल संपला की मोबाइलसारखा नुसता सेल बदलत नाहीत, आख्खं यंत्र बदलतात. तारा चांगल्या असतील तर त्याच राहतात. यंत्र बदलायला कातडी बहुधा तिथंच पुन्हा कापावी लागते. म्हणजे तुळस मधोमध चिरली जाणार.

यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली. शरीरात पूर्ण आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडन देशात अर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे त्या माणसाला जन्मभरात सव्वीस यंत्रं लागली. पण तो २००१ पर्यंत, शहाऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगला. ज्यानं यंत्र बनवलं आणि ज्यानं ते बसवलं, त्या दोघांच्याही पश्चात जगला. ताई हे ऐकून म्हणाल्या, "माय वो, सव्वीस डाव!" आता इतक्या वेळा बदलायची गरज पडत नाही. पण एकदा-दोनदा तरी कापावं लागणार हे धरून चालायचं.

पाचवी गोष्ट गोंदण्याच्या मशीनची. ते विजेवर चालतं, त्यात मोटर नाहीतर चुंबकाचं वेटोळं असतं. आताच्या पेसमेकरांना बाहेरच्या विजेपासून चांगलं संरक्षण असतं. पण अगदी यंत्रावर टेकवून असं काही चालवू नये.

मग गोंदण जन्मात करायचंच नाही का? हे ताईंनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं मी म्हणत नाही. यंत्रावर आणि त्याच्या आसपास नाही. यंत्र बसवल्याची जखम पूर्ण भरून बरेच महिने झाले असतील, साखर ताब्यात असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर दुसऱ्या बाजूच्या हातावर स्वच्छ जागी करता येईल. पण आधी विचारायचं, करून आल्यावर सांगायचं नाही.

आणखी एका आजाराचं सांगते. लहानपणी घसा वारंवार दुखून, सांधे सुजून ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, किंवा ज्यांची झडप बदललेली आहे, अशा बाया आपल्याकडे आहेत. त्यांनी गोंदण आणि नाक-कान टोचणं डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात करू नये. सुईवाटे जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसू शकतात आणि तो आजार जिवावर बेततो. ज्यांची झडप बदलली आहे त्यांना तर डॉक्टर बहुधा नकोच म्हणतात.

आणि ज्यांना हृदयाचा काहीच आजार नाही, त्यांनाही चार गोष्टी लागू आहेत. सुई नवी हवी आणि पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडलेलं हवं. रंग छोट्या झाकणात वेगळा काढलेला हवा. सगळ्यांना एकाच वाटीतला नको. हातमोजे नवे हवेत. रक्त पुसायचं फडकं एकच असेल तर सरळ उठून यायचं. एकीची सुई दुसरीला वापरली तर त्यातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. आपल्या पोरी जत्रेत मैत्रिणी-मैत्रिणी मिळून नावं गोंदतात, त्यांना हे सांगा. आणि हेही सांगा की गोंदण केल्यावर बरेच महिने रक्तदान करता येत नाही. शिबिरात गेलात तर आपणहून सांगायचं.

आता मशीन बसवलेल्या बाईनं घरात काय सांभाळायचं, ते पटापट सांगते.

आपण बाया मोबाइल कुठं ठेवतो? पोलक्यात, आणि तोही डाव्या बाजूला. मशीनवाल्या बाईनं तो तिथं ठेवायचा नाही. यंत्रापासून वीतभर तरी लांब, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. बोलायचं ते दुसऱ्या बाजूच्या कानाला लावून. कंबरेला पिशवी शिवून घ्या, तिच्यात ठेवा.

मिक्सर, टीव्ही, फ्रिज, पंखा, यांचं भय नाही. इंडक्शनची शेगडी असेल तर दोन फूट लांब राहायचं, वाकून त्यावर पातेलं ढवळायचं नाही. पिठाच्या गिरणीची मोटर चालू असताना तिच्यावर छाती टेकवायची नाही. वेल्डिंग चालू असेल तिथं उभं राहायचं नाही. जत्रेत गुडघ्याला, कमरेला बांधायचे चुंबकाचे पट्टे मिळतात, चुंबकाच्या माळा मिळतात. त्या गळ्यात घालायच्या नाहीत.

फवारणीचा पंप पाठीवर घेतला की पट्टा नेमका मशीनवर येतो. तो पट्टा रोज घासला तर कातडी पातळ होते. हे काम दुसऱ्याला द्या. घरातल्यांनी समजून घ्यायचं, बाईनं मागायची वाट पाहायची नाही. दुसरीकडे, मशीन बसलं म्हणजे बाई निकामी झाली असंही धरायचं नाही. सुरुवातीचे महिना-दीड महिना त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचं नाही. पुढे डॉक्टरांनी मोकळीक दिली की स्वयंपाक, निंदण, वेचणी, सगळं करता येतं. आमच्या ताई करतात.

यंत्राचं ओळखपत्र मिळतं. कोणत्या कंपनीचं, कोणतं यंत्र, कधी बसवलं, सगळं त्यावर असतं. ते ट्रंकेत कुलपात ठेवू नका, पर्समध्ये ठेवा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. एक्स-रे, सोनोग्राफी चालते. पण एमआरआय काढायचा असेल, कुठलंही ऑपरेशन असेल, किंवा कोणी विजेचा शेक द्यायला निघालं, तर आधी कार्ड दाखवायचं.

आणि जागा लाल झाली, गरम लागली, पाणी किंवा पू आला, ताप आला, पुन्हा भोवळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टर. हळद लावून वाट पाहायची नाही. कोणाला तिथं सुई टोचून पाणी काढू द्यायचं नाही. नाडी मोजायला घरातल्या एकाला तरी शिकवा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची, पूर्ण एक मिनिट मोजायची. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेली तर निघायचं, १०८ ला फोन करायचा.

आता शेवटची गोष्ट. ही बोलायला जड आहे, पण बोललीच पाहिजे. तपासणी झाली, आम्ही उठलो, आणि ताईंनी दारातून मागं वळून विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी गेली की हे मशीन माह्यासंगं येते का?"

डॉक्टर म्हणाले, नाही. दहन करायचं असेल तर आधी ते काढून घ्यावं लागतं. सेल बंद डब्यात असतो. सरणाच्या आगीत तो फुटतो, मोठा आवाज होतो, आणि जवळ उभं असलेल्या माणसाला इजा होऊ शकते. म्हणून घरच्यांना हे आधीच माहीत हवं. दुःखाच्या वेळी कोणाला आठवत नाही. डॉक्टरांना सांगितलं की ते छोटा छेद घेऊन काढून देतात. घरी कोणी विळ्यानं-चाकूनं काढायच्या फंदात पडायचं नाही. दफन करणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुळस संगं येते आन मशीन इथंच राहते." त्यांच्या त्या एका वाक्यावर मी बसमध्ये सगळ्या वाटेनं विचार करत होते.

काढलेल्या यंत्राचं काय होतं, याची एक हकिकत मला पुढे वाचायला मिळाली. अमेरिकेत मरण पावलेल्या माणसांचे पेसमेकर, घरच्यांच्या संमतीनं काढून, तपासून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात आणले आणि ज्यांना नवं यंत्र परवडत नव्हतं अशा ५३ गरीब रुग्णांना बसवले. २०११ साली त्याची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती यंत्रं नीट चालली. आपल्याकडे असं सगळीकडे चालतं असं मी म्हणत नाही, त्या भरवशावर कोणी राहू नका. पण मी ताईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा हात आपोआप पदराखाली त्या जागेवर गेला. ज्या वस्तूची लाज वाटत होती, ती कोणीतरी दूरदेशी जपून काढली आणि आपल्याच मुंबईत कोणाच्या तरी छातीत ती पुन्हा धडधडली.

तर मग ताईंच्या व्रणाचं काय झालं? आमच्या गटात शिवणकाम करणारी एक मैत्रीण आहे. तिनं त्यांना जरा वर गळ्याची दोन पोलकी शिवून दिली, डाव्या बाजूला आतून मऊ सुती अस्तर लावून, म्हणजे घासायला नको. शिलाई घेतली नाही. पण पोलकं शिवून लोकांचं तोंड बंद होत नाही. त्यासाठी आम्ही दुसरं केलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटानं वाण लुटलं, आणि वाण द्यायच्या आधी ताई उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः पदर जरा बाजूला केला आणि म्हणाल्या, "विचारायचं असन तं आज विचारा. हे मशीन आहे. मी विहिरीत पडली असती, याच्यामुळं तुमच्यात बसली आहे. हे पोरीले लागत नाही, सुनेले लागत नाही, शिवल्यानं तं लागतच नाही." एक-दोघी हसल्या. एकीनं मात्र नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की तिच्या सासूलाही अशीच भोवळ येते, आणि घरचे तिला अंगारा लावताहेत. दुसऱ्या दिवशी आशाताई तिच्या घरी गेल्या.

मुलीचं लग्न अजून ठरलं नाही. मी तुम्हाला गोड शेवट सांगणार नाही. पण आता पाहुणे आले की ताई आधीच सांगून टाकतात. ज्यांना उठून जायचं ते चहाच्या आधी उठतात, साखर वाचते, असं त्याच म्हणतात.

हातावरची तुळस त्यांनी अजून गोंदली नाही. डॉक्टरांनी उजव्या हाताला परवानगी दिली आहे. म्हणतात, कापूस निघू दे, मग पाहू. जातील तेव्हा मी सोबत जाणार आहे. सुईचं पाकीट फोडताना मी जवळ उभी राहणार आहे, आणि शंभर रुपये माझेच देणार आहे, कारण ती नोट मी वेगळी ठेवली आहे.

बहिणींनो, तुमच्या गटात कोणाच्या अंगात पेसमेकर असेल, कोणाची झडप बदललेली असेल, तर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं तिच्यासाठी ठेवा. मोबाइल कुठं ठेवते, कार्ड कुठं आहे, तपासणीची तारीख कधी आहे, एवढं विचारा. आणि तिला त्या जागेची लाज वाटते का, हेही विचारा. ते मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर आम्ही त्या तंबूपर्यंत गेलोच नसतो.